चार शुभवर्तमानांच्या चार सुरुवाती, आणि त्यात माझी आवडती कुठली

लूक. पहिला अध्याय. दुसरा नव्हे हं, पहिला, ज्यात येशूचा जन्म अजून झालेलाच नसतोय. आता का ते सांगते, जरा निवांत असशील तेव्हा वाच, थोडक्यात सांगणं मला येत नाही, आमच्या संडे स्कूलची पोरं साक्षीला आहेत.

तुझा प्रश्न आधी परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू खानापूरकडचा, घरी कुणी ख्रिस्ती नाही, नाताळात मित्राबरोबर बेळगावात कॅम्पात कार्यक्रमाला गेलास, तिथं बायबल मिळालं, नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, उघडलास तर येशूची गोष्ट चारदा, मत्तय, मार्क, लूक, योहान ह्यांची चार शुभवर्तमानं, आणि चारही वेळा वेगळीच सुरू होते. मत्तयात नुसती नावांची यादी, मार्कात बाळच नाही, लूकात कुठला तरी म्हातारा याजक, योहानात डोक्यावरून जाणारं तत्त्वज्ञान. तर ह्यातली चांगली सुरुवात कुठली, टीचर तुम्हाला कुठली आवडते, आणि मी कुठून सुरू करू.

पहिलं म्हणजे तुला चार वेगळ्या दिसल्या हेच भारी झालं. जन्मापासून चर्चमध्ये जाणाऱ्यांना त्या वेगळ्या दिसतच नाहीत. कारण आमच्या डोक्यात गोठा बसलेला असतोय. डिसेंबर आला की घरोघरी गोठा करतात, गवत, थर्माकोल, लायटिंगची माळ, त्यात मरीया, योसेफ, बाळ, एका बाजूला मेंढपाळ, दुसऱ्या बाजूला उंटावरचे तीन राजे, वर तारा, मागं बैल आणि गाढव. दिसायला छान, मीही करते. पण आता पुस्तक उघडून बघ. मेंढपाळ आणि गव्हाणी फक्त लूकात, तिथं तारा नाही, पूर्वेकडचे ज्ञानी लोक नाहीत. तारा आणि ज्ञानी लोक फक्त मत्तयात, तिथं मेंढपाळ नाहीत, गव्हाणी नाही, ते लोक चक्क घरात येतात, आणि ते तीन होते असं कुठंच लिहिलेलं नाही, भेटी तीन होत्या म्हणून लोकांनी माणसं तीन करून टाकली, वर राजेही केलं. बैल आणि गाढव तर चौघांपैकी कुणाच्याच जन्मकथेत नाहीत, ते जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातल्या एका ओळीवरून आले, आणि इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात खरी जनावरं उभी करून नाताळ केला तेव्हापासून पक्के ठाण मांडून बसले. मार्क आणि योहान ह्या दोघांना जन्म सांगायचाच नाही.

म्हणून मी पोरांना दरवर्षी एकच नियम घालते, नाटक करायचं तर एका लेखकाचं करा. यंदा लूक तर लूक, ज्ञानी लोकांचे झगे पेटीतच राहू देत. पालक नाराज होतात, कारण त्यांच्या पोराला राजा व्हायचं असतंय. पण चौघांची मिसळ केली की कुणाचंच नीट ऐकू येत नाही, आणि मग आवडतं-नावडतं ठरवणार तरी कसं?

ही मिसळ काय आजची नाही. दुसऱ्या शतकात, साधारण १७० च्या सुमाराला, तातियन नावाच्या माणसानं चारही शुभवर्तमानं कापून-जोडून एकच सलग गोष्ट तयार केली, आणि सीरियाकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत कितीतरी काळ तीच वाचली जायची. सुरुवात त्यानं योहानाची घेतली आणि वंशावळ्या सरळ काढून टाकल्या, तुझ्यासारखाच कंटाळला असावा. पुढं पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपनं आपल्या भागातल्या त्याच्या दोनशेच्या वर प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि चार वेगळी शुभवर्तमानं परत ठेवली. मला हा बिशप काही फार प्रेमळ वाटत नाही, पण ह्या एका कामाबद्दल मी त्याच्या बाजूनं आहे. आपल्या शेजारी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सनं १६१६ मध्ये मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण छापलं त्यातही सगळं एकत्रच आहे, आणि सुरुवात येशूच्याही कितीतरी आधी, सृष्टीच्या उत्पत्तीपासून. पण ते काव्य आहे, पुराण सांगायची ती रीतच आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही.

बरं, लूक. पहिली चार वचनं, वचनं म्हणजे अध्यायातल्या आकडे घातलेल्या ओळी, म्हणजे थियफिल नावाच्या कुणा मानाच्या माणसाला लिहिलेली प्रस्तावना, बऱ्याच जणांनी लिहिलंय, मीही सगळं मुळापासून तपासून क्रमवार लिहितोय, अशा अर्थाची. ऑफिसच्या पत्रासारखी भाषा. आणि पाचव्या वचनापासून एकदम गल्लीत शिरतो. जखऱ्या आणि अलीशिबा, दोघं म्हातारी, मूलबाळ नाही. जखऱ्याची चिठ्ठी निघते, मंदिरात धूप जाळायला आत जातो, तिथं गब्रीएल दूत भेटून मुलगा होणार म्हणून सांगतो. म्हातारा म्हणतो कशावरून? झालं, वाचा बंद. आणि मग ते वचन येतंय जे मला फार आवडतं, बाहेर लोक ताटकळलेत, आत एवढा वेळ काय करतोय म्हणून. देवाच्या एवढ्या मोठ्या गोष्टीत लूकला बाहेर उभे असलेले लोक दिसतात, हा लेखक म्हणून त्याचा गुण आहे.

पण खरी मजा ५७ व्या वचनापासून पुढं. खानापूर तालुक्यात एका घरी बायकांचा बायबल अभ्यास चालायचा, शेजारच्या बिगर ख्रिस्ती बायकाही भाजी निवडत निवडत ऐकत बसायच्या. तिथं मी हा भाग वाचत होते. बाळ झालंय, आठव्या दिवशी सुंतेला शेजारीपाजारी आणि नातेवाईक जमलेत, आणि त्यांनी नाव आधीच ठरवून टाकलंय, बापाचंच ठेवायचं, जखऱ्या. आई म्हणते नाही, योहान ठेवायचं (हा पुढं बाप्तिस्मा देणारा योहान, शुभवर्तमानवाला नव्हे). लगेच सगळे तिच्यावर, तुझ्या नात्यागोत्यात ह्या नावाचं कोण आहे गं? इथं एक आज्जी मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "बघ, बारशाला आलेत आणि बाळंतिणीलाच इचारतात तू कोण ठरवणार म्हणून, तिकडंबी आत्याबाई असणार ती." सगळ्या हसल्या. मग लोक बापाला खुणा करून विचारतात, मुका झालाय तो, त्याला बोलता येत नाही तर हे पण हातवारे करायला लागले. तो पाटी मागवतो आणि लिहितो, त्याचं नाव योहान आहे. ठेवायचं असंही नाही, आहे. आणि तोंड उघडतंय. आज्जी नुसत्या मान हलवत होत्या, नवऱ्यानं लिहून दिल्यावर तरी गप्प बसले म्हणायचे. त्या घरात त्या दिवशी मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

नव्या करारातला सगळ्यात लांब अध्याय हा, ८० वचनं, आणि निम्म्याच्या वर जागा अशी बायकांच्या पोटापाण्याच्या, येण्याजाण्याच्या, बोलण्याच्या गोष्टींनी भरलीय. मरीया डोंगराळ भागातल्या अलीशिबेकडं जाते, तीन महिने राहते. दोघी गरोदर, एक फार म्हातारी, एक फार लहान. तिथं मरीयेचं गाणं आहे, ते लोक गोड म्हणून म्हणतात, पण नीट वाच, अधिपतींना सिंहासनावरून खाली ओढलं, भुकेल्यांना भरवलं, श्रीमंतांना रिकाम्या हातानं घालवलं, हे गोड नाही, तिखट आहे. जुन्या करारात शमुवेलाची आई हन्ना हिचं गाणं आहे, पहिले शमुवेल दुसरा अध्याय, दोन्ही शेजारी ठेवून वाचलंस तर सूर एकच लागतोय. हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त आवडतं, पाळकसाहेबांनी वाचलं तरी चालेल.

दुसऱ्या अध्यायाबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, कारण तू कॉलेजात आहेस, कुणी ना कुणी काढणारच. लूक म्हणतो कैसर औगुस्ताचा हुकूम निघाला, क्विरीनिय सीरियाचा सुभेदार असताना नावनिशी, म्हणजे लोकांची नोंदणी, झाली. आता क्विरीनियची माहीत असलेली नोंदणी इसवी सन ६ ची, आणि ज्याच्या काळात हा जन्म सांगितलाय तो हेरोद राजा इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला असं बहुतेक अभ्यासक धरतात. म्हणजे हेरोदाच्या काळात जन्म आणि क्विरीनियची नोंदणी ह्यात निदान नऊ-दहा वर्षांचं अंतर पडतंय. त्यावर कितीतरी खटपटी झाल्यात, आधी एक वेगळी नोंदणी झाली असेल वगैरे, मला त्यातली कुठलीच पूर्ण पटत नाही, आणि त्यामुळं माझं लूकावरचं प्रेमही कमी होत नाही. तो काय सांगू बघतोय ते आपल्या भागात समजावून सांगायला लागत नाही. रोममध्ये बसलेल्या माणसानं कागदावर सही केली आणि नासरेथातला गरीब सुतार गरोदर बायकोला घेऊन बेथलेहेमला नाव लावायला निघाला, शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे बेळगावहून कोल्हापूर. १९५६ मध्ये एका नोव्हेंबरच्या सकाळी आपल्या आजी-आजोबांचं राज्य बदललं, गाव तिथंच, घर तिथंच. तुझं नाव कुठल्या दप्तरात लागणार हे दुसरंच कुणी ठरवतंय, ही गोष्ट इथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे.

मार्कावर ये. मोठ्यानं वाचायला सगळ्यात चांगला हाच. मी चर्चमध्ये वाचन करणाऱ्या नवीन पोरांना तयार करते, त्यांना पहिला हाच अध्याय देते, ४५ वचनं, दहा मिनिटांच्या आत होतंय, आणि त्या दहा मिनिटांत बाप्तिस्मा, अरण्यातली परीक्षा फक्त दोन वचनांत, चार शिष्य, सभास्थानातला भूत लागलेला माणूस, पेत्राच्या सासूचा ताप, संध्याकाळी अख्खं गाव दारात, पहाटे येशू गायब, शिष्य शोधतायत, कुष्ठरोगी, सगळं होऊन जातंय. ह्याला वेळच नाही. आणि, लगेच, मग, आणि, असं पळत असतंय. बहुतेक अभ्यासक मानतात की चौघांत हाच आधी लिहिला गेला, साधारण ७० च्या आसपास, आणि मत्तय-लूकांनी ह्याचंच पुढं वापरलं. ते मला वाचतानाच पटतं, ज्याच्या आधी कुणी लिहिलेलं नाही तो असाच लिहिणार, सुरुवात कशी करायची ह्याचा नमुनाच नाही समोर.

त्यात २० वं वचन. याकोब आणि योहान बापाला, जब्दीला, होडीत सोडून येशूच्या मागं जातात. वर्गात कायम ह्याला वचनबद्धता वगैरे म्हणून पुढं सरकतात. एका शेतकरी काकांनी मला थांबवलं, त्यांचा मुलगा नुकताच भरती होऊन लष्कराच्या मराठा सेंटरला गेला होता. म्हणाले, "मग जाळी आवरली कुणी?" मार्कनं उत्तर दिलंय, तीन-चार शब्दांत, होडीत गडी होते बापाबरोबर. मत्तय हीच गोष्ट सांगताना ते गडी गाळून टाकतो. मार्क एवढ्या घाईत असून त्यानं म्हाताऱ्याच्या मदतीला माणसं ठेवली. काका म्हणाले बरं झालं, आणि पुढं वाचा म्हणाले. आणि सासूचं म्हणशील तर ताप उतरला की उठून सगळ्यांना वाढायला लागते, ह्यावर बायका काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही.

तरी मार्क माझा पहिला का नाही? कारण त्याच्यात श्वास घ्यायला जागा नाही, आणि माझं वय आता तसं पळायचं राहिलं नाही. वीस-पंचविशीत मला तोच आवडायचा.

मत्तयाची ती नावं तू सोडलीस ना? सगळेच सोडतात. आता बघ, आपल्याकडं हेळवी येतो. तुमच्याकडं अजून येत असेल, सुगी झाली की बैल घेऊन दारात, आणि वहीतून तुझ्या आज्या-पणज्यांची नावं सडासड वाचतो, ह्याचा हा, त्याचा तो, अमुक गावातून उठून इथं आले, आणि घरातली म्हातारी माणसं कान देऊन ऐकतात, नंतर सुपातनं धान्य घालतात. मत्तयाचा पहिला अध्याय म्हणजे हेळवी दारात आलाय. तसं ऐकायचं, वाचायचं नाही. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग केलेत त्यानं, आणि तेही जुळवून घेतलेत, योराम आणि उज्जीया ह्यांच्या मधले तीन राजे गाळलेत, आणि शेवटच्या भागात मोजलीस तर नवी नावं तेराच भरतात. मोजून बघ, पोरांना मी मोजायला लावते, फार आवडतं त्यांना धर्मशास्त्रात चूक सापडली म्हणून.

पण त्या यादीत मधेच बायका येतात, ज्यांच्याबद्दल लोक कुजबुजतील अशा, तामार, राहाब, रूथ, आणि चौथीचं तर नावसुद्धा घेत नाही, उरीयाची बायको म्हणतो. म्हणजे दावीद राजानं ज्या माणसाला लढाईत मारवलं त्याचं नाव बरोबर दाविदाच्याच ओळीत आणून ठेवलंय. घराण्याचा हेळवी असं वाचायला लागला तर घरचे खाकरतील, बास म्हणतील. मत्तय खाकरत नाही. आणि ह्या चौघींच्या नंतर मरीया, लग्नाआधी गरोदर, त्यामुळं योसेफाच्या डोक्यात काय चाललं असेल ते तो आधीच आपल्याला सांगून बसलाय की ह्या घराण्यात हे पहिल्यांदा होत नाही. हे कळल्यापासून मला ही यादी कंटाळवाणी वाटणं शक्यच नाही. कॅथलिक चर्चमध्ये १७ डिसेंबरला मिस्सामध्ये ही अख्खी वंशावळ वाचतात, वाचणारे फादर नावांवर अडखळतात, तरी एकदा जाऊन ऐक.

दुसरा अध्याय मला जड जातो. योसेफ अख्ख्या पुस्तकात एक शब्द बोलत नाही, फक्त स्वप्नं बघतो आणि उठून कामाला लागतो, हे फार सुंदर आहे. पण हेरोद दोन वर्षांच्या आतली बाळं मारतो ते वाचून मी पुस्तक मिटते. नाटकात मात्र सगळ्यात दणकट आवाजाच्या पोराला हेरोद व्हायचं असतंय, मिशी काढायची, पाय आपटायचे, टाळ्या त्यालाच. बाळांचा सीन कुणी करत नाही. सगळ्यांना तारा हवाय, आणि ताऱ्यामागं काय आलं ते नको, अशी ती गंमत.

योहान. पहिली १८ वचनं जगात भारी म्हणतात, असतील. प्रारंभी शब्द होता, शब्द देवासोबत होता. उत्पत्तीच्या पहिल्या ओळीचाच धागा धरून सुरू करतो, ते कळतं, आणि नाताळच्या सकाळी चर्चमध्ये बाहेर धुकं असताना कुणी सावकाश वाचलं तर माझ्याही अंगावर काटा येतो. पण नवीन माणसाच्या हातात सगळे आधी योहानच देतात, हे मला अजिबात पटत नाही, आणि हे मी पाळकांच्या तोंडावर बोललेली आहे. मित्र म्हणून आलेल्या माणसाला दारातच कठीण प्रश्न विचारायचे का? त्याच अध्यायात ३५ पासून पुढं इतकं साधं आहे. दोघं जण येशूच्या मागं मागं चालतात, तो वळून विचारतो काय पाहिजे, हे गडबडून म्हणतात तुम्ही राहता कुठं. येऊन बघा म्हणतो. आणि लेखक वेळ सुद्धा लिहितो, दहावा तास, म्हणजे दुपारचे चार. कुणालातरी ती वेळ जन्मभर लक्षात राहिली असणार. मग नथनेल, नासरेथातून काही चांगलं निघतं का म्हणणारा. असलं बोलणं शेजारच्या गावाबद्दल आपल्याकडं रोज ऐकायला मिळतंय, नावं घेत नाही, मला दोन्ही गावांत जायचं असतंय. आणि त्या नथनेलावर येशू चिडत नाही, उलट म्हणतो हा माणूस कपटी नाही. पहिल्या १८ वचनांवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिलीत, आणि ह्या चारच्या वेळेवर कुणी बोलत नाही.

तर कुठून सुरू करू म्हणालास. मी असले आवडीनिवडीचे क्रम लावते तेव्हा काही लोक म्हणतात देवाच्या वचनात आवडतं-नावडतं कसलं, सगळं सारखंच. त्यांनी चारही सुरुवाती एका बैठकीत वाचून दाखवाव्यात आणि मग सांगावं. तू असं कर, लूकाचा पहिला आणि दुसरा अध्याय एका संध्याकाळी, घरात आई-आज्जी असतील तर त्यांना ऐकू जाईल असा, बारशाच्या भागाला त्या काय म्हणतात ते मला कळव. मार्कचा पहिला अध्याय एकटा, मोठ्यानं, उभा राहून, मधे न थांबता. मत्तयाची वंशावळ घरात कुणी हेळव्याला ऐकलेलं म्हातारं माणूस असेल तर त्यांच्यासमोरच. योहान ३५ पासून आधी, आणि ती पहिली १८ वचनं सगळ्यात शेवटी. ती वाचून प्रश्न पडले तर खुशाल विचार, पण मार्क मोठ्यानं वाचून झालेला असला पाहिजे, त्याशिवाय मी शब्दाबिब्दावर एक अक्षर बोलणार नाही.